जुनं घर नव्या नियमात बसत नाही. वर मजला चढवू का, अंगण पूर्ण सिमेंटचं करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीडमध्ये वडिलांनी 1981 साली पालिकेचा परवाना काढून घर बांधलं. एका बाजूला जेमतेम दीड फूट जागा सुटलीय, आजच्या नियमाला ती कमी पडते. घर बेकायदा ठरेल का, वर मजला होईल का, आणि चिखल टाळायला अंगण सगळं सिमेंटचं केलं तर चालेल का?

मी लातूरचा. आमचंही घर त्याच काळातलं, त्यामुळे यातलं बरंच स्वतः भोगलंय.

पहिल्या प्रश्नाची काळजी सोडा. तेव्हा रीतसर परवानगी घेऊन, मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेलं घर नंतर नियम बदलले म्हणून बेकायदा होत नाही. पण हे सिद्ध करायला 1981 चा परवाना आणि नकाशा हातात पाहिजे. घरपट्टीच्या पावत्या कितीही जुन्या असल्या तरी ती परवानगी नव्हे. विनापरवाना बांधकामालाही पालिका कर लावते. कागद घरात सापडत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं तिकीट लावून. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि जमीन स्टॅम्प पेपरवर गुंठ्याने घेतलेली असेल तर विषयच वेगळा. त्याला गुंठेवारीचा, म्हणजे असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करण्याचा 2001 चा कायदा आहे; 2021 च्या दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू केलाय.

मजल्याचं मात्र जपून. जे उभं आहे ते जुन्या परवान्यावर उभं आहे, पण नवीन जे चढवाल त्याला डिसेंबर 2020 ची राज्याची एकत्रीकृत बांधकाम नियमावली लागते. चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते), रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), सगळं आजचं. दीड फुटाच्या बाजूला वरची भिंत आत घ्यावी लागेल असं धरूनच नकाशा काढायला सांगा. जुनं पाडून पुन्हा बांधायला गेलात तर ती दीड फुटाची सवलतही गेली. शिवाय भिंती दगड-मातीच्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी भूकंपाची पहाट आम्ही पाहिलीय, तसल्या भिंतींवर स्लॅबचा भार टाकायला मी कुणालाच सांगणार नाही.

आता अंगण. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत प्लॉटचा किती टक्के भाग पाणी न मुरणारा असावा, याची मर्यादा ठरवून दिलेली असते. आपल्याकडे पाणी मुरवायचा भार सामासिक अंतर, मोठ्या लेआउटमधली दहा टक्के मोकळी जागा आणि 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या पाऊसपाणी संकलनावर आहे. सपाट फरशीला सहसा कुणी हटकत नाही. त्याच फरशीवर खांब रोवून पत्र्याचं शेड टाकलंत की नोटीस येऊ शकते.

तरीही पूर्ण सिमेंट करू नका, असं मी हात जोडून सांगतो. 2012 मध्ये मी मागचं अंगण सिमेंटवर शहाबादी फरशी बसवून गच्च बंद केलं. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला जाऊन तुंबलं, त्यांच्या देवघराचा गिलावा फुगला. दारचा कडुनिंब दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागला. मग 2016 आलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. आमचा बोअर तेव्हा नुसती हवा ओढत होता.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं अंगण सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर धरलं तर 25 मिलिमीटरच्या एका सरीत चौदाशे लिटर पाणी. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी धरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ती वाट वरूनच बुजवली तर बोअरला पाणी मिळायचं कुठून?

मी पुढच्या वर्षी मधल्या दोन ओळी फोडल्या. दुचाकीपुरते दोन पट्टे फरशीचे ठेवले, बाकी जागेत मुरूम दाबून वर बारीक खडी टाकली. चिखल होत नाही. कडुनिंबाभोवती हातभर माती उघडी आहे, आणि छताचा पाइप गटारात न सोडता विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेल्या चार फुटी खड्ड्यात सोडलाय. तुमच्याकडे काळी माती जाड असेल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्या, आणि भिंतीपासून लांब.