वजन उतरलं, मग भूक का चढली?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६, नोकरी फोर्टात. वर्षभर चालून, खाणं सांभाळून ७८ वरून ६६ किलोवर आले. पण आता आधीपेक्षा जास्त भूक लागते. संध्याकाळी सीएसएमटीला वडापावच्या गाडीसमोरून पाय निघत नाही. तीन किलो परत चढलेत. सासूबाई म्हणतात, जिभेवर ताबा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'घ्रेलिन बंद करणाऱ्या' पावडरची जाहिरात आली आहे, डबा साडेतीन हजारांचा. घेऊ का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नका घेऊ, ताई. साडेतीन हजारांत चांगले बूट येतील, चालायला उपयोगी पडतील.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की हे काम जिभेचं नाही, जठराचं आहे. जठराच्या वरच्या फुगीर भागातल्या पेशी घ्रेलिन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये जाऊन आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याची किल्ली बसणाऱ्या कुलपाला, चिकटतं; भूक लागते आणि आपण खाऊचा डबा उघडतो. गंमत म्हणजे रिसेप्टर आधी सापडला, १९९६ मध्ये. याला चिकटणारं शरीरातलं नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना ते सापडलं, आणि तेही मेंदूत नाही, उंदराच्या जठरात! २८ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. तिच्या तिसऱ्या मण्याला आठ कार्बनचं एक मेदाम्ल जोडलं गेलं तरच ती या रिसेप्टरला जागं करते. हे मेदाम्ल खोबरेल तेलातही थोडं असतं, पण म्हणून सोलकढी सोडा असं मी मालवणची लेक तरी सांगणार नाही.

आता तुमचं दुखणं. जाड माणसात घ्रेलिन जास्त असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते कमी असतं, आणि वजन उतरलं की वाढतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभराने पुन्हा तपासलं. घ्रेलिन तेव्हाही चढलेलंच होतं आणि भूकही. शरीराच्या हिशेबी तुम्ही बारा किलो कमावले नाहीत, गमावलेत; दुष्काळ पडलाय असं समजून ते वसुलीला निघालंय. त्यात तुमचं चारित्र्य कुठे आलं?

बरं, घ्रेलिन मुळात खलनायकही नाही. उंदरांना उपाशी ठेवलं तेव्हा ज्यांच्यात घ्रेलिन जागं होऊच शकत नव्हतं, त्यांची रक्तातली साखर धोकादायक खाली गेली. त्याच्याविरुद्ध लस करून माणसांवर तपासूनही झाली आहे. अँटीबॉडी तयार झाल्या, वजन जागचं हललं नाही. लठ्ठपणासाठी घ्रेलिन रोखणारं मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही, मग ते डब्यात कुठून येणार? हल्ली ज्या आठवड्याच्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, ती वेगळ्या हॉर्मोनच्या वाटेने काम करतात. जठराचा मोठा भाग काढणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत घ्रेलिन खरंच उतरतं, पण तुमच्या वजनाला तो विचारही नको.

करायचं काय? घ्रेलिन तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि गंमत म्हणजे जेवला नाहीत तरी काही वेळाने आपसूक उतरतं. कडक उपास करणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, दुपारी एकला कासावीस झालेली भूक तीनला 'मेलेली' असते. पण तीनची वाट बघणं तुम्हाला जमायचं नाही, कारण तुमची भुकेची लाट नेमकी वडापावच्या गाडीसमोर येते. म्हणून ऑफिसातून निघण्याआधी, साडेचार-पाचला, काहीतरी पोटात जाऊ द्या. चहा-खारी नको. खारी म्हणजे मैदा आणि डालडा. तुपातेलाने घ्रेलिन फारसं दबत नाही. मैदा-साखरेने झटकन उतरतं, पण काही तासांनी उलट आधीपेक्षा वर जातं. प्रथिनांनी जास्त वेळ खाली राहतं. मुगाची उसळ, मूठभर फुटाणे आणि ताक, किंवा एक-दोन उकडलेली अंडी. मग वडापाव खायचा तर रविवारी घरच्यांबरोबर, बसून खा. तीन किलोंचा बाऊ नको. नऊ अजून तुमच्या खिशात आहेत.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे. परळला उपचार चालू आहेत. दोन घास खाल्ले की ताट सरकवतात. भूक वाढवणारी जपानी गोळी असते म्हणे?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : असते. अ‍ॅनामोरेलिन. घ्रेलिनच्याच रिसेप्टरवर बसते. कॅन्सरमुळे खंगणाऱ्या रुग्णांसाठी जपानने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली, युरोपने मात्र २०१७ मध्ये नाकारली होती. कारण चाचण्यांत वजन आणि स्नायू वाढले, पण हाताच्या पकडीतली ताकद वाढली नाही. हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. तेव्हा कुणा ओळखीच्याकडून मागवू नका. त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांशीच बोला, आणि आहारतज्ज्ञांची वेळही मागा.

खंगलेल्या रुग्णांत घ्रेलिन बहुधा आधीच वाढलेलं असतं, शरीर त्याचं ऐकेनासं होतं. म्हणून 'बाबा, खा ना' असा धोशा लावून उपयोग नाही. भरलेलं ताट समोर ठेवू नका, वाटी ठेवा. मऊ भात-तूप, त्यात कुस्करलेलं अंडं, घट्ट दही, दर दोन तासांनी थोडं. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाक होईपर्यंत त्यांना गॅलरीत बसवा. बहुतेकांना सकाळी बरं खाता येतं. मोठं जेवण तेव्हा द्या.

प्रश्न : मालाडला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. पहाटे तीनला बिर्याणी मागवतोच. झोप चार-पाच तास.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : शिकागोत २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपल्यावरच्या तुलनेत घ्रेलिन २८ टक्के जास्त निघालं, तृप्ती कळवणारं लेप्टिन १८ टक्के कमी. तुम्ही हा प्रयोग पगारी करताय! खिडकीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, किमान सात तास झोपा. जेवण पाळीवर जाण्याआधी, घरचं. तीनला काही हवंच असेल तर अंडाभुर्जी आणि एक चपाती. महिनाभर हे करून कमरेचं माप मला कळवा, आणि साखरेची तपासणी झाली नसेल तर तीही उरकून घ्या.