गर्भपातासारख्या विषयावर सोशल मीडियावर वाद घालून कुणाचं मत बदलतं का, की गप्प बसावं?

तुम्ही लिहिलंय की गर्भपाताच्या अधिकारावरून फेसबुकवर शाळेतल्या जुन्या मैत्रिणीशी तुमची जुंपली, पन्नास-साठ कमेंट झाल्या, शेवटी तिने ब्लॉक केलं. आता विचारताय की यात पडावंच कशाला.

मी मतं बदलताना पाहिली आहेत, त्यातही आयुष्यभर एका बाजूला ठाम राहिलेल्या लोकांची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची बेळगावची. लग्नानंतर २०१४ साली आयर्लंडमध्ये डब्लिनला आले. सुरुवातीची काही वर्षं कुणी गाव विचारलं आणि मी बेळगाव म्हटलं की समोरचा माणूस बोलता बोलता थांबायचा. सविता हलप्पनवार बेळगावची, हे तिथे बहुतेकांना माहीत होतं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सविता दंतवैद्य होती, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा आपोआप गर्भपात व्हायला लागला म्हणून ती गॉलवेच्या हॉस्पिटलात दाखल झाली. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने स्वतः गर्भ काढून टाकायची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते आणि कायदा आडवा होता. ठोके थांबेपर्यंत वाट पाहिली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. माझ्या माहेरी तेव्हा कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. आई म्हणायची, इथे राहिली असती तर वाचली असती पोर.

आईचं ते म्हणणं कायद्याच्या अंगाने बरोबरच होतं. आपल्याकडे गर्भपाताला मुभा देणारा १९७१ चा कायदा आहे, अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या 'रो' निकालाच्याही दोन वर्षं आधीचा. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला तिचे अध्यक्ष शांतीलाल शहा, महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. गंमत वाटेल, पण दोन्ही देशांची सुरुवात एकाच ठिकाणाहून आहे: आयर्लंडला इंग्रजांचा १८६१ चा कायदा लागू होता, आपल्याला १८६० च्या दंडसंहितेतलं ३१२ कलम. आपण १९७१ मध्ये त्यातून वाट काढली. आयर्लंडने १९८३ मध्ये उलट गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या बरोबरीने थेट राज्यघटनेत लिहिला. सार्वमत झालं होतं, ६६.९ टक्के लोक बाजूने. मग २५ मे २०१८ ला पुन्हा सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी तेच कलम काढून टाकायला कौल दिला. पस्तीस वर्षांत आकडा तोच राहिला, फक्त बाजू उलटली. मला हे आकडे अजून तोंडपाठ आहेत.

मला तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता, सार्वमतात फक्त नागरिकांना मतदान करता येतं. म्हणून मी नुसती पाहत होते. रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर दोन्ही बाजूंचे फलक, आणि फेसबुक उघडलं की तुम्ही सांगताय तशीच हाणामारी. त्यात परदेशातून पैसे ओतून जाहिराती यायला लागल्या. मतदानाला अडीच आठवडे असताना फेसबुकने परदेशी जाहिराती बंद केल्या आणि दुसऱ्याच दिवशी गुगलने सार्वमतावरच्या सगळ्याच. पण लोक बोलत होते दारात उभं राहून. संध्याकाळी बेल वाजायची, दोघी-तिघी उभ्या असायच्या, पत्रक हातात. आमच्या दारीही आल्या. मत नाही म्हटल्यावरही त्यातली एक दहा मिनिटं थांबली, कारण मी बेळगावची.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. तिथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण मनात त्या आजीच. दर रविवारी न चुकता चर्चला. सार्वमताच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चहाला गेले तर टेबलावर सविताचा वर्तमानपत्रातला फोटो, कात्रीने नीट कापलेला, घडी पडून पिवळा झालेला. साडेपाच वर्षं त्यांनी तो ठेवला होता. म्हणाल्या, "त्र्याऐंशी साली मी 'हो' म्हणून आले होते. बाळ वाचवायचं का, एवढंच विचारताहेत असं वाटलं मला. त्याला कोण नाही म्हणणार?" मग बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसल्या. त्यांची धाकटी बहीण सत्तरच्या दशकात गर्भपातासाठी बोटीने इंग्लंडला, लिव्हरपूलला जाऊन आली होती, खरेदीला जाते असं घरी सांगून. आयर्लंडच्या हजारो बायका तशा जायच्या. आजींना तेव्हाच कळलं होतं. पण चाळीस वर्षं दोघी बहिणी त्यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. सविताची बातमी आली त्या रात्री आजींनी बहिणीला फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं, "तू एकटीच होतीस का गं तेव्हा?"

आजींनी २०१८ मध्ये काय मत दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आयर्लंडने सार्वमताच्या आधी आणखी एक काम केलं होतं, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. चिठ्ठ्या काढल्यासारखे सर्वसामान्यांतून ९९ नागरिक निवडले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय अध्यक्ष. डब्लिनजवळ मालाहाइड इथल्या हॉटेलात २०१६ च्या नोव्हेंबरपासून पाच शनिवार-रविवार या लोकांना गोल टेबलांभोवती बसवलं. डॉक्टर आले, वकील आले, दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. ज्या बायकांवर हे गुदरलं होतं त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकवलं, चेहरा न दाखवता. प्रत्येक टेबलाशी एक जण फक्त एवढं पाहायला होता की सगळ्यांना बोलायला मिळतंय. शेवटी गुप्त मतदान झालं तेव्हा ६४ टक्के लोकांनी कारण न विचारता गर्भपाताची मुभा द्यावी असं सांगितलं. राजकारण्यांपैकी अनेकांना हे अति वाटलं, जनतेला पटणार नाही म्हणाले. वर्षभराने देशाचा कौल जवळपास तेवढाच आला.

त्या टेबलाशी आणि तुमच्या साठ कमेंटमध्ये फरक कशाचा, याचा मी पुष्कळ विचार केलाय. टेबलाशी बसलेल्याला 'तू कोणत्या पक्षाचा' हे कुणी विचारत नव्हतं. त्याच्यासमोर एक बाई होती, तिचा कितवा आठवडा होता, तिला काय झालं होतं, कायदा तिला काय म्हणाला. आणि चहाच्या सुट्टीत मत बदललं तर त्याची नाचक्की होणार नव्हती. फेसबुकवर दोनशे लोक बघत असताना कोण म्हणणार, हो, माझं चुकलं?

आता आपल्याकडचं सांगते, कारण आपल्याकडे यात एक जास्तीची गाठ आहे आणि ती न सोडवता आपण अमेरिकेतलं भांडण मराठीत भांडतो.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो' निकाल फिरवला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी टाकलं, "अमेरिकेने चांगलं केलं, भ्रूणहत्या बंद." माझी पुण्याची मावसबहीण त्यांच्यावर तुटून पडली. बाईचं शरीर, बाईचा हक्क, तुमची पिढीच अशी. मामा दुखावले, ग्रुप सोडून गेले. मी रात्री फोन केला. मी वाद घातला नाही, एवढंच विचारलं, "मामा, भ्रूणहत्या म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?"

मामा कोल्हापूर जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. २००१ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. ते म्हणाले, "अगं, माझ्या पहिलीच्या वर्गात अठ्ठावीस मुलगे आणि सतरा मुली. हजेरी घेताना कळायचं. आम्ही पोरांना घेऊन 'लेक वाचवा'च्या फेऱ्या काढल्या उन्हातान्हात. आणि ती मला सांगते बायकांचा हक्क?"

तेव्हा मला लख्ख कळलं की दोघं एकाच शब्दावरून दोन वेगळ्या गोष्टींसाठी भांडत होते. मामांच्या मनात गर्भलिंगनिदान होतं, बहिणीच्या मनात अमेरिकेतल्या टेक्सासमधली, गर्भपात नाकारला गेलेली बाई. महाराष्ट्रातल्या स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या कित्येक वर्षं कळकळीने सांगताहेत की 'स्त्रीभ्रूणहत्या' म्हणू नका, 'लिंगनिवड' म्हणा. हत्या म्हटलं की प्रत्येक गर्भपात खून ठरतो आणि नको असताना दिवस गेलेली बाई खुनी. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, तो याच राज्यातल्या चळवळीमुळे. पण भिंतींवर रंगवला गेला तो हत्येचाच शब्द.

त्याचे परिणाम झालेच. मामा शिकलेसवरलेले, पण गर्भपातच बेकायदेशीर आहे असं त्यांना वाटत होतं. सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीत 'गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे' ही पाटी असते, आणि लोकांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसलंय. पुढे कारवाईच्या धास्तीने महाराष्ट्रातल्या कितीतरी औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, आणि इतक्या लवकर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसत नाही. म्हणजे मुली वाचवण्यासाठी ती धास्ती निरुपयोगी, आणि अडचणीतल्या बाईला मात्र ती भोंदूच्या दारात नेऊन सोडते. याचा मला फार राग येतो.

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मग जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं: "आणि बाईच म्हणाली, मला तिसरी मुलगी नको, तर?" मी म्हटलं, ती हे कुणाच्या दबावाखाली म्हणतेय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. कायद्याने मशीनवाल्याला पकडावं, तिला नाही. ते म्हणाले, बघू. आयर्लंडमध्येही ते कलम काढायला 'नाही' म्हणणाऱ्यांत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईबाप होते, आमच्या मुलांसारखी मुलं जन्मालाच येणार नाहीत का, असं विचारणारे. त्यांना प्रतिगामी म्हणून मोकळं होणं मला तेव्हाही जमलं नाही आणि आजही जमत नाही. माझं मत ठाम आहे, निर्णय त्या बाईचाच. पण त्या आईबापांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मला ते मांडायचं नाही.

तर तुमचं. अनोळखी माणसांच्या कमेंटखाली मी आता उतरत नाही. एकच अपवाद करते: कुणी कायद्याबद्दल चुकीचं लिहिलं असेल तर दोन ओळींत बरोबर काय ते लिहिते आणि निघते, कारण ते वाचणाऱ्यांत एखादी अशी मुलगी असू शकते जिची पाळी चुकलीये आणि जी घाबरून मोबाइल चाळतेय. आपल्या कायद्यात गर्भपाताला वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं लागतं. अविवाहित बाईलाही हे लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलंय. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही, हॉस्पिटलने मागितली तरी. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला एका खासगी दवाखान्यातून या सहीसाठी परत पाठवलं होतं, नवरा तेव्हा आखातात. तिचे ते चार दिवस मी फोनवर तिच्याबरोबर काढलेत.

मैत्रिणीची गोष्ट वेगळी. ती अनोळखी नाही. फेसबुकवर ब्लॉक असलात तरी शाळेतल्या कुणाकडे तिचा नंबर असेलच. फोन करा आणि कमेंटमधला एकही मुद्दा काढू नका. मी मामांना विचारलं तेच विचारा, तिच्या डोळ्यांसमोर कोण आहे ते. कदाचित तिची स्वतःचीच गोष्ट निघेल, तेव्हा तुमच्याकडे पुरेसा वेळ असू द्या.

मामा ग्रुपवर परत आले, बहिणीशी अजून नीट बोलत नाहीत. लग्नाआधीच्या गर्भपाताबद्दल त्यांचं मत होतं तेच आहे. पण मध्यंतरी त्यांचा मेसेज आला, गावातल्या आशाताईंना दाखवायचंय, नवऱ्याची सही लागत नाही हे कायद्यात नक्की कुठे लिहिलंय? १९७१ च्या त्याच कायद्याचं कलम ३, पोटकलम ४. मी मराठीत टाइप करून पाठवलं, त्यांनी वहीत उतरवून त्याचा फोटो मला तपासायला परत पाठवला.