तुमचे प्रश्न : चर्चमध्ये बीपी मोजलं, पण पुरुष आलेच नाहीत

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या अटलांटात फार्मसिस्ट आहे. माझे एक कृष्णवर्णीय सहकारी त्यांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये डीकन (चर्चच्या कामात पास्टरला, म्हणजे पाद्रींना, मदत करणारे) आहेत, त्यांचे वडील पन्नाशीतच स्ट्रोकने गेले. त्यांनी मला चर्चच्या हेल्थ फेअरला मदतीला बोलावलं. बीपी मोजायला रांग लागली पण सगळ्या बायकांची, पुरुष बाहेर पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे. पुरुष यावेत म्हणून काय करता येईल? आणि चर्चच्या जेवणात तळलेलं चिकन, मॅक अँड चीज असतं, त्याबद्दल मी बोलावं का?

उत्तर : तुम्ही गेलात हे फार चांगलं केलंत. अमेरिकेत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय पुरुषांना हाय बीपी आहे आणि स्ट्रोक, हार्ट फेल्युअर त्यांना गोऱ्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतं. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांच्या घरात जे झालं ते तिथल्या कितीतरी घरांत होतंय.

बायकाच येतात हे सगळीकडेच दिसतं. न्यूयॉर्कच्या ३२ चर्चमध्ये बीपीवर एक मोठा अभ्यास झाला, ३७३ लोक होते आणि त्यात साधारण तीन-चतुर्थांश बायका. चर्चमधल्याच लोकांना ट्रेनिंग देऊन त्यांनी आहार, व्यायाम, गोळ्या वेळेवर घेणं याचे क्लास घेतले, सहा महिन्यांनी वरचं बीपी हे सगळे क्लास न मिळालेल्या दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ६ पॉइंट जास्त उतरलं, नऊ महिन्यांनी मात्र तो फरक तितका पक्का राहिला नाही.

आता दुसरा अभ्यास बघा, लॉस एंजेलिसच्या ५२ बार्बरशॉपमधला, २०१८ साली छापून आलेला, ३१९ कृष्णवर्णीय पुरुष, सगळ्यांचं बीपी वाढलेलं. काही दुकानांत न्हावी फक्त सांगायचे की बाबा डॉक्टरकडे जा, खाणंपिणं सांभाळ, तिथे वरचं बीपी साधारण ९ पॉइंट उतरलं. बाकी दुकानांत फार्मसिस्ट स्वतः यायचे, डॉक्टरांशी आधीच ठरवून तिथेच गोळ्या सुरू करायचे, डोस वाढवायचे, तिथे ते २७ पॉइंट उतरलं! मला यातून दोन गोष्टी दिसतात, एक म्हणजे पुरुष जिथे आधीच बसलेले असतात तिथे आपणच जायचं, आणि दुसरी म्हणजे नुसतं मोजून, सल्ला देऊन फार काही होत नाही, औषध तिथेच मिळालं पाहिजे. आणि तुम्ही फार्मसिस्टच आहात! तुमच्या जॉर्जिया राज्याच्या नियमांत बसेल असा एखाद्या डॉक्टरशी लेखी करार होतो का बघा, मला तर हेल्थ फेअरपेक्षा हे कितीतरी मोलाचं वाटतं.

मग कुठे मोजायचं, तर शनिवारी सकाळचा पुरुषांचा ब्रेकफास्ट असेल तिथे, नाहीतर मेन्स क्वायरच्या, म्हणजे पुरुषांच्या गायकवृंदाच्या रिहर्सलला, अशर (चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवणारे) लोकांच्या मीटिंगला. सगळ्यात आधी पास्टरने आणि तुमच्या डीकन सहकाऱ्यांनी सगळ्यांसमोर बाही वर करून मोजून घ्यावं. बाकीच्यांचं मात्र कोपऱ्यात, आडोशाला, आकडा मोठ्याने न वाचता, आणि आकडा लिहिलेला कागद कुठे जाणार हे आधीच सांगून. अलाबामात टस्कीगीला १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा, आणि हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. कोणी हात आखडता घेतला तर त्याला अडाणी समजू नका, त्याच्याकडे कारण आहे.

मोजताना घाई नको. मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा बीपी मशीनचा पट्टा) जवळ ठेवाच, जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा वाढतो आणि माणूस उगाच घाबरतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसवून, शर्टावरून नाही, मग एक मिनिट थांबून परत. १८०/१२० च्या वर आलं आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ अडखळतेय, हातपाय लुळा पडलाय यातलं काहीही असलं तर सरळ ९११ ला, म्हणजे इमर्जन्सीला फोन. लक्षणं नसली तर परत मोजून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं करून द्या.

जेवणाबद्दल तुम्ही बोलू नका, निदान पहिले काही महिने तरी नको. त्या हॉलमधला स्वयंपाक वर्षानुवर्षं ज्या बायका करतात त्यांच्याशी सहकाऱ्यांच्या मार्फत ओळख करून घ्या, त्यांनाच विचारा की मीठ कुठे कमी करता येईल. कॉलर्ड ग्रीन्समध्ये (तिथली एक पालेभाजी) मीठ लावलेलं स्मोक्ड मांस पडतं, खरं मीठ तिथून येतं, त्याऐवजी कांदा, लसूण, व्हिनेगर, थोडी स्मोक्ड पॅप्रिका चालते. चिकन ओव्हनमध्येही कुरकुरीत होतं. पण ठरवणार त्या, आपण नाही.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक काम करा. जॉर्जियाने मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) पूर्ण वाढवलेलं नाही, त्यामुळे पन्नाशीतला एखादा कमावता माणूस बिनइन्शुरन्सचा तुमच्यासमोर बसलेला असणारच. उत्पन्न बघून फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स जवळ कुठे आहेत ते काढा, त्यांना फोन करून अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते ते विचारा, जमलं तर त्यांचाच एक माणूस शनिवारी ब्रेकफास्टला आणून बसवा, म्हणजे ज्याचं बीपी जास्त येईल तो तारीख घेऊनच घरी जाईल.