डोळ्यातला 'ह्यूमर' आणि विनोदाचा 'ह्यूमर' एकच शब्द आहे का?

काचबिंदूच्या तपासणीच्या कागदावर 'अ‍ॅक्वियस ह्यूमर' वाचून तुम्ही विचारलंय की डोळ्याचा विनोदाशी काय संबंध. शब्द एकच आहे. त्यातला डोळ्याचा अर्थ मूळचा, विनोदाचा अर्थ फार नंतरचा.

लॅटिनमध्ये 'उमोर' म्हणजे ओल, द्रव. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी शरीरात चार द्रव मानले होते: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. दुसऱ्या शतकात गॅलेनने ही मांडणी पक्की केली. चौघांचं प्रमाण बिघडलं की आजार, आणि ज्याच्यात जो द्रव वरचढ तसा त्याचा स्वभाव. रक्त जास्त तो उल्हासी, पिवळं पित्त जास्त तो तापट, कफ जास्त तो थंड, काळं पित्त जास्त तो खिन्न. 'मेलँकली' या शब्दाचा ग्रीक अर्थच काळं पित्त. आपणही संतापल्यावर 'माझं पित्त खवळलं' म्हणतो, त्यामुळे ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. पण हे चार द्रव म्हणजे आयुर्वेदाचे त्रिदोष नव्हेत. वात ग्रीकांच्या यादीत नाही.

हीच विद्या अरबीतून युनानी वैद्यक म्हणून आपल्याकडे आली. आपल्या पुण्यातच, आझम कॅम्पसमध्ये, युनानीचं कॉलेज आहे. या वैद्यकात ते चार द्रव म्हणजे दम, बलगम, सफरा आणि सौदा. त्यांच्या मिश्रणातून माणसाची जी प्रकृती ठरते, तिला अरबीत 'मिजाज' म्हणतात. आपली 'मिजास' तिथूनच आली. मला ही गोष्ट फार आवडते: इंग्रजीत द्रवावरून स्वभाव आणि स्वभावावरून हसू आलं, मराठीत त्याच वैद्यकातला शब्द ताठ्यावर येऊन थांबला.

आता हसू कुठून आलं? इंग्रजीत सोळाव्या शतकापर्यंत 'ह्यूमर' म्हणजे स्वभाव, मनःस्थिती, लहर असा अर्थ रुळला होता. मग नाटककार बेन जॉन्सनने तो रंगमंचावर आणला. 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' हे त्याचं नाटक १५९८ सालचं, आणि त्यात खुद्द शेक्सपियरने काम केलं होतं. पुढच्याच वर्षीच्या नाटकात जॉन्सनने व्याख्याही दिली: एखादा गुण माणसाला असा झपाटतो की त्याची सगळी वृत्ती एकाच दिशेला धावते, तो त्याचा ह्यूमर. असा एकसुरी, विक्षिप्त माणूस प्रेक्षकांना हसवतो. म्हणजे 'ह्यूमर' असलेला माणूस हा आधी हसण्याचा विषय होता. पुढच्या शे-दीडशे वर्षांत अर्थ सरकला आणि विक्षिप्तपणातली गंमत ओळखून ती मांडणाऱ्याकडे गेला. शब्दाच्या प्रवासातला हा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजचा 'सेन्स ऑफ ह्यूमर' त्याशिवाय शक्य नव्हता. जुना अर्थ क्रियापदात मात्र टिकलाय. इंग्रजीत एखाद्याला 'ह्यूमर' करणं म्हणजे त्याची लहर सांभाळणं, त्यात विनोद नसतो.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकाने चार द्रवांचा सिद्धांत सोडला. १८५८ साली जर्मन डॉक्टर फिरखो यांनी आजाराचं मूळ पेशींत असल्याचं मांडलं, तो मोठा घाव होता. शब्द तेवढे उरले. बुबुळाच्या पुढेमागे जे पाण्यासारखं द्रव असतं ते अ‍ॅक्वियस ह्यूमर. त्याचा निचरा नीट झाला नाही की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदूत डॉक्टर त्याच्याकडे लक्ष देतात ते यासाठी, म्हणून सांगितलेले थेंब चुकवू नका.

तुम्ही स्पेलिंगचंही विचारलंत. ब्रिटिश लोक दुसरा 'यू' ठेवतात, अमेरिकन गाळतात. पण 'ह्यूमरस' हे विशेषण लिहिताना ब्रिटिशही तो गाळतात. दंडाच्या हाडाचं नाव ऐकायला तसंच असलं, तरी तो लॅटिनमधला खांद्यासाठीचा वेगळाच शब्द आहे.