वाचकांचे प्रश्न : घाटातली शर्यत

प्रश्न : 2024च्या महिलांच्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत डेमी फोलरिंगने शेवटचा टप्पा जिंकला, तरी विजेतेपद कासिया नेविआडोमाला कसं?

उत्तर : कारण टप्प्यांचे विजय मोजत नाहीत, सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज मोजतात. शेवटचा टप्पा आल्प द्युएझ या घाटाच्या माथ्यावर संपला. तो चढ 13.8 किमीचा, सरासरी 8.1 टक्के. त्या टप्प्याआधी नेविआडोमा 1 मिनिट 15 सेकंदांनी पुढे होती. फोलरिंगने तिला 1 मिनिट 1 सेकंद मागे टाकलं आणि पहिल्या क्रमांकाचे 10 बोनस सेकंद मिळवले, म्हणजे तेवढे तिच्या एकूण वेळेतून वजा झाले. उरले 4 सेकंद! फोलरिंगचं खरं नुकसान मात्र पाचव्या टप्प्यावर, तो जिथे संपत होता त्या आम्नेव्हिलच्या अलीकडे झालं. सपाट टप्प्यांवर साधारणपणे शेवटच्या 3 किमीत पडलेल्या सायकलपटूला तिच्या गटाचीच वेळ मिळते. फोलरिंग सुमारे 6 किमी आधी पडली, म्हणून घड्याळ चालूच राहिलं. घाटात वेळ कमावणं सोपं नाही, सपाटीवर ती एकदा पडलं तरी जाते.

प्रश्न : लांब उतारावर ब्रेक सतत हलके दाबून ठेवावेत का?

उत्तर : नाही. तसं केल्याने ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि तिला दाबणारे पॅड थंड व्हायला उसंतच मिळत नाही, ब्रेकची पकड कमी होते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात पण एकसंध दाबा, वळणात सोडा. रस्ता ओला असेल तर बरेच आधी सुरुवात करा. आणि माथ्यावरच जॅकेटची चेन लावून घ्या. गारठलेल्या बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही.