ट्रॅव्हल्सवाले छोट्या मालकांच्या जुन्या गाड्या कशासाठी विकत घेतात?

तुमचा प्रश्न असा की, पुसद-दिग्रसकडून पुण्याला जाणाऱ्या बाकीच्या ट्रॅव्हल्स एकाच कंपनीने घेतल्या, पण त्या खटारा गाड्यांत तिला मिळालं काय? अशाच एका कंपनीत मी हिशेब लिहायचो, म्हणून सांगतो.

सौद्यात गाडीला फारसा भाव नसतोच. भाव असतो टायमिंगला. साडेपाचची गाडी अमक्या भाऊची, हे गावाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गंमत म्हणजे कागदावर ती वेळ कोणाचीच नाही. खाजगी गाडीला परवाना कंत्राटी वाहतुकीचा, म्हणजे ठरलेले प्रवासी इथून तिथे नेण्याचा; एसटीसारखं टप्प्याटप्प्याला प्रवासी चढवत-उतरवत जाण्याचा, म्हणजे टप्पा वाहतुकीचा नाही. वाटेत थांबून सुटे प्रवासी घेणंसुद्धा त्यात बसत नाही. मग विकत घ्यायचं काय, तर माणूस. आमचे शेठ जुन्या मालकालाच कमिशनवर बुकिंगला बसवायचे. काचेवर त्याचं नाव वर्षभर तसंच. ड्रायव्हरही तोच, कारण व्यापारी पार्सल देतो ते ड्रायव्हरचं तोंड पाहून.

कटकट कागदांची. गाडी फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर होते, फायनान्सचा बोजा फॉर्म 35 ने उतरतो. परवाना मात्र गाडीमागे आपोआप येत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 82 प्रमाणे परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. थकलेला टॅक्स आणि जुनी चलनं कोणी भरायची, यावरच निम्मे सौदे फिसकटायचे.

छोटा मालक विकतो ते हप्त्यापायी. एकच गाडी, ती गॅरेजला लागली की कमाई बंद, हप्ता चालूच. काहींनी 2021-22 च्या एसटी संपात गर्दी पाहून कर्जावर गाड्या काढल्या. एप्रिल 2022 मध्ये संप मिटला. मग 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. यवतमाळ-नागपूरसारख्या जवळच्या लाइनवाल्यांना ते जास्त लागलं, पुण्याच्या रातगाड्यांना कमी.

प्रवाशाचं काय? आधी वेगवेगळ्या ट्रॅव्हल्सची पोरं स्टँडबाहेर ओरडून एकमेकांचा भाव पाडायची, ते संपलं. दिवाळीत शेठ म्हणतील तो दर. तरी 2018 पासून शासनाची मर्यादा आहे: तशाच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपट. त्याहून जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओत लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही.