"आपण काय निराधार आहोत का?"

"इतकी वर्षं आम्हीच निभावलं ना? मग आता सरकारपुढे कशाला हात पसरायचा?"

दिव्यांग मुलाची, भावंडाची किंवा अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबांकडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून सतत ऐकते. शब्द बदलतात. कुणी म्हणतं, "अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की कायमचा शिक्का बसेल." कुणाला धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी असते. कुणी हेलपाट्यांना घाबरतं. "मिळून मिळून मिळणार किती?" असंही विचारलं जातं, आणि ते चुकीचं नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. त्यासाठीही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब ही अट आहे.

ही सगळी कारणं खरी असतात. पण माझा अनुभव असा, की अर्ज अडतो तो या कारणांमुळे नाही. समोर बसलेल्या एका माणसाचं मन तपासून मी थांबत नाही, घरात कोण कुठे उभं आहे तेही बघते. माझं कामच त्या विचाराने चालतं. आणि सरकारी मदतीला 'नको' म्हणणाऱ्या घरात तो नकार कुणाला ना कुणाला सांभाळत असतो, हे मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एका कुटुंबाच्या निमित्ताने ते सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा चोवीस वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही, सोबत बौद्धिक अक्षमता, अधूनमधून फिट्स. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आई पूर्णवेळ त्याच्यापाशी. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात नोकरीला. आईची झोप उडाली होती म्हणून ते आले. निमित्त बँकेचं झालं होतं. मुलाच्या नावावरची ठेव मोडायला गेले, तर काउंटरवर सांगितलं गेलं की मुलगा सज्ञान आहे, त्याची सही लागेल, नाहीतर कायदेशीर पालकत्वाचा कागद आणा. चोवीस वर्षं त्याला भरवणाऱ्या आईला तिथे विचारलं गेलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. यांनाही नव्हतं. अशा सज्ञान मुलांना कायदेशीर पालक नेमून देणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्याचा मी विषय काढला, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल विचारलं. प्रमाणपत्र काढलेलंच नव्हतं. वडील ताठ झाले.

"आपण काय निराधार आहोत का?"

हा 'निराधार' शब्द त्यांच्या तोंडी उगीच आला नव्हता. नोकरीत त्यांनी वर्षानुवर्षं निराधार पेन्शनच्या मनीऑर्डरी वाटल्या होत्या. काउंटरपलीकडची रांग, अंगठा उठवणारे थरथरते हात, "साहेब, या महिन्याचे आले का?" असं केविलवाणं विचारणं. सरकारी मदत म्हटलं की त्यांना ती रांग दिसायची, आणि आपला मुलगा त्या रांगेत. मी त्यांना खोडून काढलं नाही. एवढंच विचारलं, "त्या रांगेतल्या माणसांबद्दल तुम्हाला काय वाटायचं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे त्यांच्याच हक्काचे होते. पण ते मागताना त्यांची मान खाली असायची. ते मला बघवायचं नाही."

लाजेची मुळं कळली. पण नुसत्या लाजेने एखादं घर चोवीस वर्षं कागदाला शिवत नाही असं होत नाही. म्हणून पुढच्या भेटीत मी मोर्चा आईकडे वळवला. "फिट आली तर काय करायचं, हे घरात तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

"कुणाला जमतच नाही, मॅडम. माझ्याशिवाय त्याचं चालत नाही."

"मला ती शिकू देत नाही," वडील म्हणाले.

"तुम्ही घाबरता."

"पहिल्यांदा घाबरलो होतो. तेव्हा तो चार वर्षांचा होता."

म्हणजे वीस वर्षं वडील आपल्याच घरात मुलाच्या खाटेपासून दोन पावलं लांब उभे होते. आईने त्यांना मुद्दाम लांब ठेवलं नव्हतं. मुलाला सांभाळता सांभाळता तीच एकटी तज्ज्ञ झाली, आणि त्या एकटेपणात तिचं अवघं मोल साठलं. मदतनीस, संस्था, योजना, काहीही घरात आलं असतं तर तिच्या मते त्याचा एकच अर्थ होता: मी कमी पडले.

नंतर लेक आली. आईला वाटत होतं की कागदपत्रांचा विषय टाळून आपण मुलीला मोकळं ठेवलं आहे. भावाच्या पालकत्वाचं काही लिहूनच ठेवलं नाही, तर तिच्या सासरी तरी कुणी बोट दाखवणार नाही. लेक शांतपणे म्हणाली, "दादाचं पुढे मी बघणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. फक्त मला कुणी विचारलं नाही. मी बघेन, आई. पण काय बघायचंय, किती बघायचंय, पैसे कुठे आहेत, हे मला माहीत नको का?"

आई रडली नाही. तिने पहिल्यांदाच मुलीकडे नीट पाहिलं असं मला वाटलं.

माझ्या कामात मी एक गोष्ट कटाक्षाने करते. ज्याच्याबद्दल बोलायचं, तो खोलीत हवा. या मुलालाही मी बाहेर बसू दिलं नाही. त्याचं बोलणं चार-पाच शब्दांपुरतं, पण कान आणि डोळे जागे. "तुझे कागद कोणी सांभाळायचे?" असं त्याला सोप्या शब्दांत विचारलं, तेव्हा त्याने वडिलांकडे मान वळवली. सगळ्यांची अपेक्षा आईची होती. वडिलांचा चेहरा तेव्हा जो झाला, तो पाहून मला पुढची दिशा मिळाली.

मी त्यांना घरचा अभ्यास दिला. "तुम्ही आयुष्यभर नियम आणि फॉर्म वाचलेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणा. त्यातलं सुरुवातीचं व्याख्यांचं कलम आपण इथे सगळ्यांसमोर वाचू." हे काम मी स्वतः दोन मिनिटांत केलं असतं. पण ते माझ्या तोंडून ऐकणं आणि त्यांनी वाचणं यात फरक पडणार, याची मला खात्री होती.

ते आले ते छापील प्रत, चष्मा आणि पेन्सिलीच्या खुणा घेऊन. काळजीवाहकाच्या व्याख्येपाशी पोचले. तिचा आशय त्यांनी मराठीत सांगितला: दिव्यांग व्यक्तीला मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी, आधार किंवा मदत देणारी कोणतीही व्यक्ती, आणि त्यात आई-वडील व कुटुंबातले इतरही आले.

आई पुढे सरकली. "बिनपगारी पण?"

"हो, असंच लिहिलंय."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. या वेळी कागदाकडे कमी आणि बायकोकडे जास्त बघत. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "माझ्या नोकरीच्या एकेक रजेची नोंद सर्व्हिस बुकात आहे. हिच्या नोकरीची नोंद कुठेच नाही."

मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं ही कमावलेली गोष्ट आहे, आणि त्या दिवशी मला ती साधली याचं समाधान वाटतं. आईने पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याला म्हणाली, "मग करा ना नोंद. तुम्हालाच येतं ते."

अर्जाला नकार का होता, ते या एका वाक्यात उलगडलं. सरकारी फॉर्म पैसे देतो तेव्हा थोडेच देतो, पण आधी तो प्रश्न विचारतो. काळजी कोण घेतं? व्यक्तीला काय येतं आणि काय येत नाही? तुमच्यानंतर कोण? घराने वर्षानुवर्षं जे प्रश्न एकमेकांना विचारलेले नसतात, नेमके तेच. म्हणून फॉर्म कपाटात राहतो. आणि म्हणूनच तो भरायला घेतला की घरातली माणसं आपापल्या जागेवरून हलू लागतात. या घरात वडिलांना काळजीत स्वतःचं काम मिळालं, आईला साक्षीदार मिळाला आणि मुलीला उत्तर मिळालं.

आता तुमच्या घराबद्दल.

सुरुवात अपंगत्वाच्या प्रमाणपत्राने आणि युडीआयडी कार्डाने, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राने करा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाला लागू होतात. या तपासणीत मी एक गोष्ट नेहमी घडताना पाहिली आहे. डॉक्टरांनी विचारलं, "स्वतः जेवतो का?" की आई पटकन म्हणते, "हो हो, जेवतो." घास कालवून हातात दिला, मनगट धरलं, सांडलेलं पुसलं, हे ती सांगतच नाही. आयुष्यभर लोकांपुढे मुलाची बाजू घेण्याची सवय असते, ती तिथेही सुटत नाही. काही वाढवून सांगू नका, पण साधा रोजचा दिवस जसा असतो तसा सांगा. शक्य असेल तर आदल्या आठवड्याची टिपणं लिहून न्या: रात्री किती वेळा उठावं लागलं, कशाकशाला हात लावावा लागला.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचा अर्ज जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करायचा. त्या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-वडील स्वतः पालक होण्यासाठी अर्ज करू शकतात किंवा दुसऱ्या कुणाचं नाव सुचवू शकतात. भावंडांना मी मुद्दाम सांगते, की पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दर आर्थिक वर्षाचा हिशेब द्यावा लागतो, आणि हेळसांड केली तर पालकाला काढता येतं. हे ऐकल्यावर या घरातल्या लेकीचा बराच ताण उतरला, कारण तिला भीती जबाबदारीची नव्हती, उद्या कुणी "भावाचे पैसे खाल्ले" म्हणेल याची होती. पक्षाघात झालेल्या वडिलांसाठी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजीसाठी मात्र हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी वकिलाचा वेगळा सल्ला घ्या.

याच चार प्रकारांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. वैद्यकीय चाचणीची अट नाही, वयाची नाही, आणि थेरपीचा खर्चही तिच्यात मोडतो. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

घरात सरकारी पेन्शन असेल तर ती फाइल आजच काढा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याच्या, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. या घराला सगळ्यात मोठा आधार इथेच होता, आणि तो काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या कपाटात पडून होता. अपत्याचं नाव आणि प्रमाणपत्र हयातीतच नोंदवून ठेवलं, तर मागच्यांची वणवण वाचते. पेन्शन नसेल, पण भविष्य निर्वाह निधीची कर्मचारी पेन्शन योजना असेल, तर तिथेही अपत्याच्या कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी तरतूद आहे. जुन्या आयकर पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. चार कुटुंबं मिळून गेलात तर उत्तर लवकर मिळतं.

आता माझ्या मनातली तळमळ. २०१६ च्या कायद्यात मोठ्या आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' ही योजना आहे. पूर्णवेळ काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठी तिची रक्कम महिना ६०० रुपये ठरलेली. तेवढ्यात मदतनीस ठेवता येत नाही हे मलाही कळतं. तरी राज्याच्या वहीत त्या बाईचं काम 'काम' म्हणून लिहिलं जातं, आणि ते प्रत्येक राज्यात व्हायला हवं. भत्त्याइतकीच गरज तात्पुरत्या निवासाची आहे, जिथे आठ दिवस मुलाला निर्धास्त ठेवून आई स्वतःचं ऑपरेशन करून घेऊ शकेल. माझ्याकडे येणाऱ्या आयांमध्ये स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकललेल्या किती तरी असतात.

या कुटुंबात सगळं सुरळीत झालं असं नाही. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' हा शब्द वाचून आई दोन दिवस जेवली नाही. तो शिक्का तिच्या मुलाला नव्हता, तिच्या आशेला होता, आणि त्या दुःखाला आम्ही पुढे स्वतंत्र वेळ दिला. समितीपुढे पालक म्हणून आई-वडिलांची नावं गेली. लेकीने आपलं नाव पुढच्या काळासाठी स्वतःहून सुचवलं, तेही अटींसह: दादाचा खर्च त्याच्याच पैशांतून, आणि निर्णय एकटीवर नको. वडील आता आठवड्यातून दोन रात्री मुलाच्या खोलीत झोपतात. पहिली फिट त्यांनी एकट्याने निभावली, कुशीवर वळवून, घड्याळात वेळ मोजून, आईला न उठवता. सकाळी आई चिडली, आणि पुढच्या भेटीत ते मला तिनेच सांगितलं.

तुम्ही अर्ज भरायला बसाल, तेव्हा माझी एक विनंती आहे. रोजची सेवा जी व्यक्ती करते, तिच्यावर कागदांचं काम टाकू नका. ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या: वडिलांना, भावाला, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला. आणि फॉर्ममधली माहिती भरताना त्यांनी सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसून तिला विचारत विचारतच भरावी.